मॅनिफोल्डच्या इंजिनाची वही: सपाट पत्र्यापासून रुळापर्यंत

११ जून २०२३

मॉडेल रेल्वेच्या इंजिनाच्या किटचा खोका उघडला. आत तीन पत्रे, दोन पितळेचे आणि एक जर्मन सिल्व्हरचा, तिन्ही पापडासारखे सपाट. एका पिशवीत पांढऱ्या धातूचे ओतीव भाग: धुराडं, डोम (बॉयलरवरचा घुमट), समोरचा मोठा दिवा. दुसरीत पितळेचे बारीक ओतीव तुकडे. आठ पानांची माहितीपुस्तिका, तिच्यात चित्रं चार. चाकं, मोटर, गिअरबॉक्स किटमध्ये नसतात. ते आधीच कळलं होतं म्हणून सोबत मागवले.

खर्च लिहून ठेवतो, कारण मी शोधत होतो तेव्हा कोणी नीट लिहिलेला सापडला नाही. किट १६,८००. चाकं, मोटर, गिअरबॉक्स ९,४००. टपाल २,९००. कस्टम्स आणि त्यांची हाताळणी ५,१५०. म्हणजे एकही सांधा जोडण्याआधी ३४,२५० रुपये. घरात ‘वीसेक हजार’ सांगितलं आहे.

इंजिन कोणतं? इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची एक छोटी रेल्वे होती. १९०४ ला सुरू, १९३४ ला बंद. तिच्याकडे दोनच इंजिनं, ‘ई. आर. कॅलथ्रॉप’ आणि ‘जे. बी. अर्ल’, दोन्ही लीड्सच्या किटसन कारखान्यातली, २-६-४ चाकांची (पुढे दोन, मध्ये सहा, मागे चार), पाण्याच्या टाक्या अंगावरच असलेली. मी पहिलं बनवतोय. माझं गाव बार्शी, आणि हा कॅलथ्रॉप म्हणजे आमच्या बार्शी लाइट रेल्वेचा इंजिनिअर. अडीच फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर), एका एक्सलवर पाच टनांच्या वर भार नाही, हा हिशोब त्याने १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी चालवून दाखवला आणि नंतर मॅनिफोल्डच्या खोऱ्यात नेला. बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी. आजोबा तिथल्या वर्कशॉपात फिटर होते. बार्शीच्या इंजिनाचं किट मिळालं असतं तर तेच घेतलं असतं. मिळालं नाही, म्हणून हे चुलत भावंड.

स्केल फुटाला ७ मिमी, म्हणजे १:४३.५. त्या हिशोबाने अडीच फुटांचे १७.५ मिमी होतात, पण रूळ १६.५ मिमीचे, कारण तेवढ्या मापाचे तयार मिळतात. ही एक मिमीची लबाडी किट करणाऱ्याची. मी डोळे झाकून मान्य केली.

हत्यारं: आजोबांच्या पेटीतला सहा इंची पोलादी गुण्या, दोन चपट्या कानशी, हाताचा छोटा शेगडा (व्हाइस). रविवार पेठेतून सोनारी करवत, पात्यांचा डझन, तीन बारीक कानशी, दोन चिमटे: १,३६०. कामाचा अनुभव शून्य. नोकरी हिशेबनीसाची.

१४ जून

तपकीर गल्लीतून २५ वॅटची इस्त्री... म्हणजे सोल्डरिंग आयर्न घेतलं, ३५० रुपये. किटच्या चौकटीच्या टाकाऊ पट्ट्यांवर सराव. एकही सांधा धरला नाही. झाळ, म्हणजे सोल्डर, वितळते, आयर्नच्या टोकाला गोळा होऊन बसते, पत्र्यावर उतरत नाही.

सोल्डरिंग पेस्ट बदलली. तेच.

१६ जून

उत्तर घरातच मिळालं. आईला दाखवलं तर म्हणाली, “अरे, भांडं तापल्याशिवाय कल्हई बसते का?” लहानपणी दारात कल्हईवाला बसायचा तो आठवा: आधी भांडं घासून लख्ख, मग भट्टीवर तापवायचं, मग नवसागर, मग कथील, आणि कापसाने एक फेर. कथील भांड्याच्या उष्णतेने पसरतं, भट्टीच्या नाही. माझं २५ वॅटचं आयर्न पत्रा तापवायला पुरतच नव्हतं. पितळ सगळी ऊब ओढून घेतं.

६० वॅटचं आयर्न, तापमान ठरवता येणारं, ३,२०० रुपये. रुंद छिन्नीसारखं टोक. आणि पेस्टऐवजी फॉस्फोरिक आम्लाचा पातळ द्राव. केमिकलच्या दुकानात ८५ टक्क्यांचं मिळालं, ते एकाला दहा पाणी असं पातळ केलं. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. चष्मा घालायचा. खिडकी उघडी आणि टेबलफॅन उलटा, धूर बाहेर जाईल असा.

ब्रशने एक थेंब द्राव, आयर्नच्या टोकावर कणभर झाळ, टोक सांध्यावर, दोन मोजायचे. झाळ सांध्यात पाण्यासारखी पळाली. तीन संध्याकाळी फुकट गेल्या त्या फक्त ३५० रुपयांच्या आयर्नपायी.

१८ जून

तुकडे सुटे करायला सुरुवात. किटचे तुकडे पत्र्यात आम्लाने कोरलेले असतात. ते आम्ल पत्रा दोन्ही बाजूंनी खातं, त्यामुळे प्रत्येक कडेला मधोमध एक बारीक धार उरते. ती कानशीने काढल्याशिवाय दोन तुकडे एकमेकांना चिकटून बसत नाहीत. मी पहिल्या पाच तुकड्यांना काढली नाही. पाचही परत घासावे लागले, तेही सुटे झाल्यावर, म्हणजे धरायला काही नसताना. चौकटीत असतानाच जितकं घासता येईल तितकं घासा.

ब्रेकचा एक हँगर कात्रीतून उडाला. वॉशिंग मशीनखाली नाही, पायपुसण्यात नाही, माझ्या खिशात नाही. कापाकापी स्वयंपाकघरातल्या जुन्या परातीतच करत होतो. आजपासून परातीत खाली पांढरा रुमाल.

२५ जून

चेसिस. जर्मन सिल्व्हरचे दोन बाजूचे फ्रेम आणि त्यांना जोडणारे चार आडवे तुकडे. मॅनिफोल्डच्या इंजिनाचे फ्रेम चाकांच्या बाहेर असतात आणि क्रँक (एक्सलच्या टोकांवरचे हात) त्यांच्याही बाहेर, त्यामुळे चेसिस चांगली २६ मिमी रुंद होते. घडीच्या रेषा अर्ध्या खाल्लेल्या असतात. ती खाच घडीच्या आत ठेवायची. मी पहिला आडवा तुकडा उलटा दुमडला. सरळ केला, पुन्हा दुमडला, तुटला. दुसऱ्या वेळी तुटणारच. टाकाऊ पट्टीतून नवीन कापला, दोन तास.

काचेच्या तुकड्यावर फ्रेम उभे केले, गुण्या लावून काटकोन पाहिले, एकेक टोक झाळलं. काचेवर ठेवली तर डगमगत नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा सुंदर झालं.

आत्मविश्वासाच्या भरात सहाही बेअरिंग त्याच रात्री फ्रेममध्ये बसवून झाळून टाकले.

२९ जून

आषाढी. काम बंद. बार्शी लाइट पंढरपूरपर्यंत १९०६ ला पोचली. आजोबा सांगायचे, वारीच्या दिवसांत वर्कशॉपला सुट्टी नसायची, उलट रात्रपाळी लागायची. छोट्या गाडीचा डबा आत कमी आणि बाहेर जास्त भरायचा.

२ जुलै

कपलिंग रॉड, म्हणजे चाकं एकमेकांना जोडणारे दांडे. प्रत्येक रॉड दोन पातळ थरांचा. दोन्हींना आतून कल्हई करून, एकमेकांवर धरून, बाहेरून आयर्न फिरवलं की एकजीव होतात. हे काम छान झालं. भोकं रीमरने वाढवली.

एक्सल घातले, रॉड लावले, हाताने ढकललं. अर्धा फेरा जातं, मग अडतं. मागे घेतलं तर सुटतं, पुन्हा तिथेच अडतं.

पुस्तिकेत एक वाक्य: ‘रॉड अडल्यास भोकं किंचित वाढवावीत.’ वाढवली.

९ जुलै

अजून अडतं. अजून वाढवली.

१६ जुलै

आता अडत नाही, खडखडतं. क्रँकपिन भोकात इकडून तिकडे हलते. आणि मधल्या चाकाला इंजिन पुढे जाताना एक झोल, मागे येताना दुसराच.

तीन रविवार चुकीच्या जागी घासत होतो. रॉड बरोबर होते, बेअरिंग चूक होते. फ्रेममधली भोकं बेअरिंगपेक्षा किंचित मोठी असतात, म्हणजे बेअरिंग कुठल्याही बाजूला पाव-पाव मिमी सरकून बसू शकतं. मी ते डोळ्यांनी ‘मधोमध’ बसवले. रॉडवर एक्सलचं अंतर एक, फ्रेमवर दुसरं. दोन्ही जुळणार कसे?

बेअरिंग बसवताना रॉडच माप म्हणून वापरायचे. लांब पोलादी सळ्या एक्सलच्या जागी घालायच्या, त्यांची टोकं फ्रेमच्या बाहेर दोन-दोन इंच येऊ द्यायची, त्या टोकांवर दोन्ही बाजूंचे रॉड चढवायचे, आणि रॉड स्वतःहून सैल बसले की मगच बेअरिंग झाळायचे. सळ्या बाहेर आलेल्या असल्या की व्हर्नियरने डावी-उजवी अंतरंही मोजता येतात. हे वाक्य पुस्तिकेत आहे. पान पाच. मी पान चारवरून थेट सहावर गेलो होतो.

सहा बेअरिंग काढले, पुन्हा बसवले. रॉडची भोकं वाया गेली, म्हणून त्यात पितळी नळीचे बारीक तुकडे झाळून पुन्हा रीम केली. दोन्ही मिळून अकरा तास. संध्याकाळी चेसिस एका पाटावर ठेवून पाट थोडा उचलला, तर आपल्या वजनाने घरंगळत गेली. मुलीने व्हिडिओ काढला, त्यात मी हसताना ऐकू येतो.

५ ऑगस्ट

क्रँक बसवणे. डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींपासून ९० अंशांनी पुढे-मागे. नेमके ९० नसले तरी बिघडत नाही. पण तिन्ही एक्सलचा कोन अगदी सारखा हवा. प्लायवूडच्या तुकड्यावर दोन खाचा पाडून एक साचा केला, त्यातच तिन्ही बसवले. हे जमलं.

क्रँक एक्सलवर पक्के करायला हिरवं पातळ लॉकिंग द्रव असतं. सुईच्या टोकाने लावायचं. मी बाटलीनेच थेंब टाकला. क्रँक आणि फ्रेममध्ये जेमतेम अर्धा मिमी फट. द्रव त्या फटीतून आत, बेअरिंगमध्ये. दहा मिनिटांनी पुढचा एक्सल आणि फ्रेम एकच वस्तू झाले.

ते सुटायला चांगलं तापवावं लागतं. तापवलं. सुटलं. पण चाकाची आतली वळी प्लास्टिकची, वीज अडवण्यासाठी. ती मऊ पडली आणि चाक कायमचं वाकडं फिरू लागलं. नवीन चाकजोडी टपालासकट १,९५०, आणि तीन आठवड्यांची वाट.

बेअरिंगला आधी तेलाचा थेंब देऊन ठेवा. तेल असेल तिथे ते द्रव पकडत नाही.

२७ ऑगस्ट

चाकं आली. सुईने, भिंगातून, श्वास रोखून बसवली. मोटर आणि गिअरबॉक्स मागच्या एक्सलवर. गिअरच्या दातांत कागदाची एक पट्टी घालून फट ठरवायची, मग पट्टी काढायची.

बारा व्होल्टवर पहिल्यांदा फिरलं. सुरुवातीला ०.३५ अँपिअर ओढत होतं, दोन तास दोन्ही दिशांना मोकळं पळवल्यावर ०.१४ वर आलं. गिअरचा आवाज शिलाई मशीनसारखा. घराला तो आवाज सवयीचा आहे, कोणी काही बोललं नाही.

३ सप्टेंबर

रुळावर ठेवलं. सरळ रुळावर जातं, पण तिरपं. वरून पाहिलं तर इंजिनाचं नाक डावीकडे, शेपूट उजवीकडे, एखादं कुत्रं पळतं तसं. डावीकडच्या वळणावर ठीक. उजवीकडच्या वळणावर पुढचं चाक दर दुसऱ्या फेरीला रुळावर चढतं.

संशय १: रूळ. बदलले, तेच. संशय २: पुढची दोन चाकांची पोनी ट्रक. काढून चालवलं, तरी तिरपंच. संशय ३: चाकांमधलं अंतर. मोजलं, सगळं बरोबर. संशय ४: किट. माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याबद्दल दोन दिवस फार वाईट विचार केले.

१० सप्टेंबर

लांब सळ्या पुन्हा बेअरिंगमध्ये घालून चेसिस आलेख कागदावर ठेवली. तिन्ही सळ्या एकमेकींना समांतर. पण कागदाच्या रेघेशी तिन्ही सारख्याच कललेल्या. म्हणजे अंतरं बरोबर, पण एक फ्रेम दुसऱ्यापेक्षा पुढे सरकलेली. जवळजवळ ०.४ मिमी. रॉड त्यामुळेच मोकळे फिरत होते आणि मला काहीच कळत नव्हतं.

पण मी काटकोन तर प्रत्येक ठिकाणी गुण्याने पाहिला होता.

मग गुण्याच तपासला. कागदावर सरळ पट्टीने रेघ, तिच्यावर गुण्या लावून लंब काढला. गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा लंब काढला. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकावर एक पडतात. माझ्या रेघा १०० मिमी वर जाईपर्यंत तीन मिमींनी फाकल्या. म्हणजे गुण्याची चूक त्याच्या निम्मी, शंभराला दीड मिमी. २६ मिमी रुंदीच्या चेसिसला बरोबर ०.४.

आजोबांचा गुण्या. कधीतरी पडला असणार. पातं आणि मूठ जिथे रिव्हेटने जोडलेली तिथे एक बारीक केसाएवढी फट आहे, आता दिसते. आजोबा जाऊन एकवीस वर्षं झाली. तो माळ्यावर पेटीत होता, पेटी तीन घरं बदलून आली, एकदा टेम्पोतून उतरवताना मीच सोडली होती. आजोबांच्या हातात तो कधीच चुकीचा नव्हता, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगतो. वाकड्या गुण्यावर काम करणारा माणूस त्या वर्कशॉपात टिकला नसता.

नवीन चार इंची गुण्या, ५४० रुपये. दुकानातच काउंटरवर बिलाच्या मागे दोन रेघा मारून तपासला. दुकानदार म्हणाला, “साहेब, असं कोणी बघत नाही.” तीन तपासले, तिसरा घेतला.

१७ सप्टेंबर

चेसिस उघडली. डावा फ्रेम चारही आडव्या तुकड्यांपासून सोडवला. एका बाजूची झाळ सोडवताना दुसरीकडची सुटू नये म्हणून ओल्या कापसाचे बोळे लावले. आलेख कागदावर, सळ्या घालून, नव्या गुण्याने पुन्हा बसवला. मोटर, क्रँक, चाकं सगळं उतरवून पुन्हा चढवणं आलंच. शनिवार-रविवार मिळून चौदा तास.

सरळ जातं. दोन्ही वळणांवर वीस-वीस फेऱ्या, एकदाही उतरलं नाही.

परवा गणपती. टेबल रिकामं करायचं आहे, तिथे मखर येणार.

८ ऑक्टोबर

पेटी उघडली आणि चेसिस हिरवी. मखराच्या गडबडीत शेवटचे सांधे धुवायचे राहिले होते. आम्लाचा द्राव तसाच राहिला की पितळ कळकतं, पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं तसंच. बेअरिंगच्या कडेने हिरवट पूड, दोन एक्सल घट्ट. गरम पाणी, पितांबरी, जुना टूथब्रश, आणि पुन्हा दोनदा साधं पाणी, कारण पितांबरीचा कण बेअरिंगमध्ये राहिला तर तो कानशीचंच काम करेल. अर्धा दिवस गेला.

रोज उठण्याआधी धुवा. जेवायला बोलावलं तरी आधी धुवा.

१५ ऑक्टोबर

बॉयलर. ०.३८ मिमीचा पितळी पत्रा, गोल वळवून साधारण २० मिमी व्यासाची नळी करायची. पत्रा कडक असतो, आधी मऊ करावा लागतो. साबणाची रेघ ओढून गॅसवर तापवला. साबण काळा पडला की थांबायचं. मग योगासनांच्या चटईवर ठेवून १६ मिमीच्या सळईने लाटलं, पोळी लाटतात तसं, थोडं थोडं, पत्रा फिरवत.

पहिला प्रयत्न: बॉयलरच्या खालच्या बाजूला मोटरसाठी मोठी खिडकी कापलेली असते. तिथे पत्रा अरुंद, म्हणून तो आधी वळला आणि बॉयलर भोपळ्याच्या आकाराचा झाला. पुन्हा तापवून, सपाट करून, खिडकीत टाकाऊ पट्टी तात्पुरती झाळून मग लाटला. गोल आला. नंतर पट्टी काढली.

मऊ केलेल्या पितळेवर बोटाचा दाबही उमटतो. डाव्या बाजूला माझ्या अंगठ्याचा एक खड्डा आहे. पाण्याच्या टाकीमागे लपतो.

२२ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर

टाक्या, कॅब, कोळशाची पेटी. रिव्हेट: पत्र्याच्या मागून अर्धे खाल्लेले ठिपके असतात, टोच्याने एकेक दाबून पुढे फुगवायचे. ३८६ मोजले, मग मोजणं सोडलं. शिशाच्या लादीवर ठेवून दाबले तर नीट येतात, लाकडावर पत्राच वाकतो. कॅबच्या मागच्या भिंतीवर माझे पहिले साठ रिव्हेट आहेत आणि ते ओळखू येतात.

नव्या गुण्याने कॅब काटकोनात. जुन्याने केली असती तर कॅब पाऊण मिमी कलली असती आणि ते सगळ्या जगाला दिसलं असतं.

१९ नोव्हेंबर

दिवाळीनंतर पहिलं बसणं आणि पहिलाच घात. समोरचा मोठा दिवा. या इंजिनांच्या कपाळावर भला मोठा दिवा होता, इंग्लंडातल्या कुठल्याच छोट्या रेल्वेवर नसेल असा. बाहेरच्या देशांतल्या इंजिनांवर शोभणारा, आणि माझ्या मते बार्शीहून आलेला चेहरा तोच. पांढऱ्या धातूचा. त्याला ७० अंशांवर वितळणारी वेगळी झाळ लागते आणि आयर्न खूप कमी ठेवावं लागतं. आयर्न पितळेच्या कामाचं, ३८० वर होतं. टेकवलं. दिवा नव्हता. टेबलावर एक चकचकीत थेंब होता.

नवीन दिवा स्वतः केला: पितळी नळीचा तुकडा, पुढे वॉशर, मागे बॉलपेनच्या टोकातला शंकू. दोन संध्याकाळी. मूळच्यापेक्षा थोडा बारीक आहे पण गोल जास्त आहे.

बाकीच्या पांढऱ्या भागांसाठी आयर्न २०० वर. पितळेच्या बाजूला आधी साध्या झाळीची कल्हई करून घ्यायची, कारण ७० ची झाळ नुसत्या पितळेला धरत नाही. धुराडं आणि डोम सरळ ॲराल्डाइटने चिकटवले. आता हिंमत नव्हती.

३ डिसेंबर

वॉल्शर्ट्स गिअर, म्हणजे चाकांच्या बाहेर दिसणारी ती सगळी काड्यांची करामत. एका बाजूला अकरा तुकडे, सात सांधे, आणि प्रत्येक सांधा हलला पाहिजे. पिन झाळताना झाळ आत शिरली की सांधा मेला. पहिल्या बाजूला सातातले चार मेले.

मग पतंगाचा कागद. संक्रांत जवळ असल्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात आला होता. त्याचा बारीक चौकोन तेलात भिजवून दोन काड्यांमध्ये ठेवायचा, पिन झाळायची, मग कागद फाडून काढायचा. तेलकट कागदामागे झाळ जात नाही आणि कागदाच्या जाडीएवढी मोकळीक राहते. दुसरी बाजू एका रविवारात झाली. पहिली पुन्हा केली.

१७ डिसेंबर

शॉर्ट. सरळ रुळावर उत्तम, वळणावर कंट्रोलरचा दिवा लुकलुकतो आणि तो बंद पडतो. अंधार करून चालवलं तेव्हा ठिणगी दिसली: मागच्या चार चाकी बोगीचं चाक वळणावर फ्रेमच्या आतल्या बाजूला टेकतं. तिथे पतंगाचाच कागद सुपरग्लूने चिकटवला. पुढे पोनी ट्रकलाही तेच. एवढंच.

२५ डिसेंबर

रंग. आधी साबणाच्या गरम पाण्याने अंघोळ, दोन दिवस वाळवण, मग प्राइमर. पावसाळ्यात ही पायरी आली असती तर थांबलो असतो. डिसेंबरची हवा कोरडी, रंग बसतो. प्राइमरचा राखाडी थर चढला की झाळीचा प्रत्येक ओघळ दिसतो. तीन वेळा घासून परत मारला.

इंजिनं नवी असताना चॉकलेटी होती, वर सोनेरी-काळ्या रेघा. आणि मागचे डबे फिकट पिवळे. चॉकलेटी मारला. रेघांचा एक प्रयत्न डाव्या टाकीवर केला, पुसला, चॉकलेटीसकट पुसला गेला, पुन्हा मारला. रेघा नाहीत.

१४ जानेवारी २०२४

पूर्ण, असं म्हणतो. वीतभर लांब, हातात घेतलं तर वाटतं त्यापेक्षा जड. टाक्यांमध्ये शिशाचे तुकडे भरले आहेत, नाहीतर ओढायला जोर येत नाही.

तास: वहीप्रमाणे १६३. त्यातले चुका निस्तरण्यात गेलेले मी वेगळे मोजले, ५८. खर्च: किट आणि सोबतचं ३४,२५०, हत्यारं, आयर्न, झाळ, आम्ल, दोन्ही गुण्यांपैकी नवा, रंग ९,७००, वाया गेलेली चाकं १,९५०. एकूण ४५,९००. घरात अजून वीसच आहे.

राहिलेलं: उजवा पिस्टन रॉड एका जागी किंचित घासतो, हळू चालवताना तिथे इंजिन क्षणभर विचार करतं. ब्रेकचा हँगर एक कमी आहे. जून महिन्यातला तो. नावाच्या पाट्या लावल्या, पण डावी अर्धा मिमी खाली आहे.

जुना गुण्या पेटीत परत ठेवला. मुठीवर खडूने फुली मारली आहे, पुढच्याने वापरू नये म्हणून.

२१ जानेवारी

हँगर सापडला. परातीच्या दुमडलेल्या काठात. म्हणजे उडून गेलाच नव्हता. आज बसवला.